स्नोमॅनच्या पिशवीतली बोर्दो

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी औषधांच्या दुकानात काम करते. तसं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. संजयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नागपूरला फोनवर एवढंच सांगितलं की बाटल्यांचं दुकान आहे आणि हिच्या मायक्रोबायॉलॉजीचा तिथे उपयोग होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उरलेलं त्यांनी स्वतःच जुळवलं. पुढे फोनवर त्या मला विचारायच्या, गुडघेदुखीवर काही नवीन आलंय का गं? मी म्हणायची, बघते.

न्यू जर्सीत रूट ४६वर, पार्सिपनीतल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक वाइनचं दुकान आहे. तिथे मी बावीस वर्षं काढली, आणि येत्या मार्चमध्ये थांबणार आहे. नोकरी लागली तेव्हा मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. ग्रीन कार्ड येईपर्यंत मला नोकरी करायची परवानगीच नव्हती, आणि ते आल्यावर घरात बसवेना. दुकानाच्या दारावर माणूस पाहिजे अशी पाटी दिसली, आत गेले. मालक विन्स, साठीचा, बोलायला तिखट. त्याने विचारलं, वाइनमधलं काय कळतं? मी म्हटलं, यीस्ट कळतं. तो इतका हसला की नोकरी तिथेच पक्की झाली.

मी मालाची मोजदाद करायला लागले आणि हळूहळू दुकानाच्या मागच्या थंड खोलीत पोहोचले. तिथे बाराही महिने साधारण पंचावन्न डिग्री फॅरनहाइट तापमान असतं, अंधार असतो आणि बाटल्या आडव्या झोपवलेल्या असतात. आडव्या अशासाठी, की बूच आतून ओलं राहावं. ते सुकलं की आकसतं, आकसलं की हवा आत शिरते, आणि हवा शिरली की वाइन संपली. आपले लोक नेमकं उलट करतात. भेट आलेली बाटली फ्रिजच्या डोक्यावर उभी करतात, तिथे ती खालून शेकत राहते. नाहीतर गराजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी, जिथे जुलैमध्ये भाजून निघते. आणि वर म्हणतात, वाइन जितकी जुनी तितकी चांगली ना? नाही. बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते. जुनी होऊन चांगली होणारी थोडी, आणि त्या थोड्यांमध्ये बोर्दोचा मान मोठा. बोर्दो हा फ्रान्समधला प्रांत, आणि तिथल्या लाल वाइनलाही बोर्दोच म्हणतात.

ती जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला पुस्तकांनी सांगितलं नाही, एका खोक्याने सांगितलं. विन्सने एका नामांकित बागेच्या, एकाच सालच्या पिकाच्या बारा बाटल्या घेऊन ठेवल्या होत्या. नाव सांगत नाही, उगाच कोणी शोधत बसाल. तो दर दीड-दोन वर्षांनी त्यातली एक फोडायचा आणि मला समोर बसवून चाखायला लावायचा.

पहिली चाखली तेव्हा वाइन सात वर्षांची होती आणि मी नोकरीत तीन महिन्यांची. रंग असा गडद की ग्लासातून पलीकडचं बोट दिसेना. वास काळ्या द्राक्षांचा, जांभळांचा. आणि तोंडात घेतल्यावर गाल आतून आवळले. विन्सने विचारलं, काय वाटतं? दुकानातले बाकीचे सगळे 'ड्राय' म्हणाले होते. मी म्हटलं, आमच्याकडे याला सरळ शब्द आहे, तुरट. कच्च्या सुपारीसारखी आहे. त्याला सुपारी माहीत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी इंडियन स्टोअरमधून फ्रोझन आवळे नेले. त्याने एक चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. त्यानंतर दुकानात नवीन माणूस आला की विन्स त्याला वाइनच्या आधी आवळा खायला द्यायचा. माझ्या हातून या धंद्यात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच असावी.

हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, आणि तोच वाइनला वर्षानुवर्षं टिकवतो. पण मधे एक काळ असा येतो की वाइन मुकी होते. ती वाइन तेरा वर्षांची असताना आम्ही आणखी एक बाटली फोडली, तर वास नाही, फळ नाही, नुसता तुरटपणा. मला वाटलं, बिघडली. विन्स म्हणाला, घरात टीनएजर आहे ना तुझ्या? तेव्हा माझा मुलगा चौदाचा होता आणि 'फाइन' सोडून घरात एक शब्द बोलत नव्हता. मला लगेच कळलं. विन्स म्हणाला, असं झालं की दार वाजवायचं नाही, थांबायचं.

एकोणिसाव्या वर्षी ती बोलायला लागली. पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा लाकडाचा वास, त्यामागे कोरडी तंबाखू, वाळलेली फुलं. तुरटपणा होता, पण आता जिभेच्या कडांना नुसता टेकत होता. त्याचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. हा गाळ बघून एक बाई माझ्याकडे बाटली परत घेऊन आल्या होत्या, आत कचरा आहे म्हणून. मी त्यांना सांगितलं, मॅडम, तुम्ही ज्याची तक्रार करताय ते व्हायला वीस वर्षं लागली आहेत. पटलं नाही. बाटली बदलून घेऊन गेल्या.

पाच वर्षांपूर्वी विन्स गेला. त्याच्या मुलाने दुकान चालू ठेवलं. त्या खोक्यातली शेवटची बाटली विन्सने माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती. ती मी निवृत्तीच्या दिवशी फोडायची ठरवली होती.

आता गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात जोगळेकर काका दुकानात आले. मंडळाच्या कार्यक्रमांमुळे काकांची आणि सुधाकाकूंची माझी ओळख, पण काकांना दुकानात मी पहिल्यांदाच बघत होते. ते घरी सोलकढीपलीकडे काही पीत नाहीत. दाराशी इकडेतिकडे बघून ते आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वैशाली, एक काम आहे. सुधाला माहीत आहे, पण मीराला कळता कामा नये."

मीरा त्यांची मुलगी. ती झाली तेव्हा काकांचे साहेब वॉल्टर यांनी त्यांना एक बोर्दो भेट दिली होती. त्या सालचं पीक बाटलीत भरून बाजारात यायला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढं थांबून त्यांनी ती मीराच्या तिसऱ्या वाढदिवसाला आणली. सोबत कार्ड होतं. त्यात लिहिलं होतं, या दोघींनी बरोबर मोठं व्हावं, मग आपण मिळून फोडू, ग्लास मी आणतो. वॉल्टर एकटे. दर वर्षी मीराच्या वाढदिवसाला यायचे, काकूंचे बटाटेवडे खायचे आणि तिला पोहायला शिकवण्याचं काम स्वतःकडे घेऊन बसले होते. मीरा दहा वर्षांची असताना त्यांनी जेवताना सहज विचारलं, बाटली ठीक आहे ना? काका म्हणाले, आहे, बेसमेंटमध्ये. पाहुणे गेल्यावर शोधायला गेले, तर बाटली नाही.

काकूंनी ती कधीच देऊन टाकली होती. यात काकूंचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आपल्याकडे ब्लाउजपीस कसे फिरतात? हिने दिलेला तिला, तिने दिलेला तिसरीला, आणि घडी कोणी मोडत नाही. इथे पार्सिपनीत मेणबत्त्यांचे डबे, चॉकलेटं आणि वाइनच्या बाटल्या तशाच फिरतात. न पिणाऱ्या घरात बाटली आली की ती पुढच्या वास्तुशांतीला किंवा बारशाला निघते.

काका वॉल्टरना खरं सांगू शकले नाहीत. आज सांगू, उद्या सांगू करताना पुढचा वाढदिवस आला. वॉल्टर आले तर बाटली दाखव म्हणतील, म्हणून त्या वर्षी बोलावणंच केलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग फक्त ख्रिसमसची कार्डं उरली. अशी एकोणीस वर्षं गेली. आणि आता लग्न ठरल्यावर जुने अल्बम चाळताना मीराला ते कार्ड सापडलं होतं. तिने परस्पर वॉल्टरचा नंबर शोधला आणि फोन केला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी ते जेवायला येणार होते. काकांनी तिला थोडं थांबायला सुचवून पाहिलं, तर ती म्हणाली, "डॅड, ही इज एटी-एट. कशासाठी थांबायचं?"

काकांना हुबेहूब तशीच बाटली हवी होती. त्यांनी खिशातून फोन काढून मला एक जुना फोटो दाखवला. त्यात काकू, छोटी मीरा, आणि वॉल्टरच्या हातात बाटली. मी लेबल मोठं करून बघितलं. तीच बाग होती आणि तेच साल. विन्सच्या खोक्यातली.

माझ्याकडच्या बाटलीबद्दल मी काकांना लगेच सांगितलं नाही. म्हटलं, आधी खरी कुठे गेली ते तरी बघू, कुठल्यातरी कपाटात तशीच पडून असेल. आपल्या लोकांची मला खात्री होती. काकूंना आठवत होतं की त्यांनी ती शुभांगीला दिली, तिच्या मुलाच्या मुंजीत. शुभांगी माझी जुनी मैत्रीण, आता फ्रीमाँटला मुलाकडे असते. मी काकांसमोरच तिला फोन लावला आणि विचारलं, तुझ्याकडे पूर्वी एक बोर्दो आली होती, ती तू कोणाला दिलीस?

शुभांगी म्हणाली, "अगं, स्नोमॅनच्या पिशवीतली ना? तुलाच तर दिली होती. तुमच्या टाउनहाउसच्या वास्तुशांतीला."

फोन स्पीकरवर होता.

मला सगळं आठवलं. निळी पिशवी, त्यावर गाजराच्या नाकाचा स्नोमॅन, आणि तेही मे महिन्यात. सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गुरुजी नुकतेच गेले होते, देवघर मांडून झालं होतं. पिशवी उघडली तर आत दारू. वास्तुशांतीच्या दिवशी घरात दारूची बाटली सासूबाईंना दिसली असती तर काय झालं असतं? मी ती लॉन्ड्री रूममध्ये नेली, संजयच्या टूलबॉक्समधल्या स्क्रू-ड्रायव्हरने बूच आत ढकललं आणि सगळी सिंकमध्ये ओतली. वरून फिनाइल टाकलं. रिकामी बाटली दुसऱ्या दिवशी रीसायकलिंगमध्ये गेली. नोकरी लागायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे ज्या वाइनवर मी एवढं शिकले, जिच्याबद्दल गिऱ्हाइकांना तास-तास व्याख्यानं दिली, त्या वाइनशी माझी पहिली भेट अशी झाली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी काकांना जे केलं ते सांगितलं. त्यांची माफी मागितली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, तर हसत होते. घरी फोन करून त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे मी एकटीच नाही.

मग मी मागे जाऊन विन्सची बाटली घेऊन आले. काका किंमत विचारायला लागले, तेव्हा मी त्यांना म्हटलं की ही विकायची नाही, तुमचीच मी ओतलेली भरून देतेय. एकच सांगते, काका. बाटली मी देईन, हवं तर उघडायलाही येईन. पण ही तीच आहे असं माझ्या तोंडून येणार नाही. काकांनी मान डोलावली. पण त्यांच्या तोंडून काय येणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जुनी बाटली प्रवासाने ढवळते, म्हणून शुक्रवारीच मी ती त्यांच्या घरी नेऊन उभी करून ठेवली. गाळ तळाशी बसायला दोन दिवस लागतात. काकूंना तिच्यावरची धूळ पुसायची होती. मी हात लावू दिला नाही. शिवाय स्वयंपाकातही ढवळाढवळ केली. जुन्या बोर्दोपुढे हिरवी मिरची आणि लोणचं चालत नाही, तिचा आवाज बारीक असतो. मशरूमचा पुलाव करा म्हटलं. काकूंनी ऐकून घेतलं. पण तोंडावरून कळत होतं की पाहुणा कोणाचा आहे ते मला पुन्हा एकदा सांगावं असं त्यांना वाटतंय.

रविवारी दुपारी वॉल्टर आले. उंच, वाकलेले, हातात काठी. दुसऱ्या हातात एक खोका, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच ग्लास. कार्डात लिहिल्याप्रमाणे त्यांनी ग्लास आणले होते. मीराने त्यांना मिठी मारली. काकांनी शेकहँड केला, आणि कोट कुठे ठेवायचा यावर दोघं उगाच बराच वेळ बोलले. काकूंनी पुलावाबरोबर बटाटेवडेही केले होते, मिरची घालून.

मी दोन पात्यांच्या ओपनरने बूच काढलं. इतकं जुनं बूच स्क्रूने काढायला गेलं तर चुरा होतो, म्हणून पाती दोन्ही बाजूंनी सरकवून हलके फिरवत वर घ्यायचं. अखंड निघालं. मग बाटलीच्या मानेखाली फोनचा टॉर्च धरून वाइन संथपणे काचेच्या सुरईत ओतली, आणि गाळाची पहिली रेघ मानेपाशी दिसल्यावर थांबले. रंग आता मधे माणकासारखा आणि कडेला विटकरी. पलीकडचं बोट स्पष्ट दिसत होतं. वास जुनी लाकडी पेटी उघडावी तसा, मग मनुका, मग वाळकी पानं. चवीत गोडवा आला होता, जो साखरेचा नसतो. तुरटपणा शोधावा लागत होता. मी मनात विन्सला म्हटलं, बघ.

वॉल्टरनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मग रिकामी बाटली हातात घेऊन लेबलवरून अंगठा फिरवला. काकांना म्हणाले, "किती नीट सांभाळलीस, मकरंद."

मी काकूंकडे बघितलं. काकू वड्यांच्या ताटाकडे बघत होत्या. काकांनी नुसतं हसून मान डोलावली असती, तरी सगळं निभावलं असतं. मीरासुद्धा कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती.

काकांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, ही ती नाही. मग थांबत थांबत सगळं सांगितलं. बाटली कधी गेली, ते एकोणीस वर्षांपूर्वी कसं खोटं बोलले, आणि आता ही कुठून आली. माझं सिंक त्यांनी वगळायचा प्रयत्न केला, ते मी मधे पडून सांगितलं. मीरा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी काका म्हणाले, "तू विचारशील म्हणून मी तुला बोलावलंच नाही. लाज वाटत होती."

वॉल्टर काही वेळ ग्लासाचा दांडा फिरवत बसले.

"बाटलीचं मी केव्हाच विसरलो होतो," ते म्हणाले. "एका वर्षी बोलावणं आलं नाही. मग आलंच नाही. मला वाटलं, मी या घरात काहीतरी चुकीचं बोललो असणार. काय बोललो ते आठवायचा फार प्रयत्न केला."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांचा चेहरा मला बघवेना. एका बाटलीपायी या दोन माणसांनी एकमेकांची एकोणीस वर्षं घालवली होती, आणि त्यातली थोडी माझ्याही सिंकमधून वाहून गेली होती.

मीराने उठून उरलेली वाइन सगळ्यांना थोडी थोडी वाढली. इतकी जुनी वाइन उघडल्यावर फार तर तासभर बरी असते, उद्यासाठी ठेवता येत नाही, एवढं मी सांगितलं. वॉल्टरनी एक वडा घेतला, वर आणखी एक घेतला. मिरचीने त्यांच्या नाकाला पाणी आलं, तरी खात राहिले.

काका शेवटी बोलले. "पुढच्या रविवारी ये, वॉल्टर. उघडायचं काही नाहीये. नुसता ये."

वॉल्टरनी किती वाजता ते विचारलं.